पाणी टिनासारखं का दिसतं?

प्रश्न : गांधीसागर तलाव आणि त्याची दगडी पाळ जस्ताच्या प्लेटवर कोरली. हे माझं पहिलंच एचिंग, म्हणजे अ‍ॅसिडने रेघा खोदून, त्यांत शाई भरून छापलेलं चित्र. पाळ बरी उतरली, पण पाणी पन्हाळी टिनासारखं दिसतं. शिवाय सगळं चित्र उलटं छापलं गेलं. ठशाचा फोटो सोबत आहे.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : फोटो पाहिला. दगडाच्या सांध्यांवर मेहनत दिसते. गडबड अशी झाली, की पाळ आणि पाणी दोन्ही तुम्ही अ‍ॅसिडमध्ये सारखाच वेळ ठेवलं. मग पाण्याची रेघही दगडाइतकीच खोल आणि काळी होणार. पुढच्या वेळी सगळी प्लेट थोडा वेळ बुडवा, बाहेर काढून धुवा, वाळवा, पाण्याच्या भागावर अ‍ॅसिड अडवणारं वॉर्निश फिरवा आणि मग पाळीसाठी पुन्हा बुडवा. पुस्तकातल्या मिनिटांवर मात्र जाऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात अ‍ॅसिड भराभर खातं. मी एकदा वीस मिनिटांचा हिशेब धरून चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर रेघांमधली जागाच उडालेली!

आणि पाण्यात इतक्या रेघा कशाला? अठराव्या शतकातल्या कानालेत्तो या चित्रकारानेही व्हेनिसचं पाणी रेघांनीच काढलं, पण त्या आखूड, थरथरत्या, मध्येच सोडून दिलेल्या. अमेरिकी चित्रकार व्हिसलर १८७९ मध्ये तिथे गेला. त्याच्या रात्रीच्या चित्रांत पाण्यावर रेघा मोजक्याच; बाकी काम पुसण्यावर. शाई पूर्ण न पुसता प्लेटवर तिचा पातळ थर राखायचा, तोच कागदावर पाणी होऊन उतरतो. तुमच्या याच प्लेटवर करून पाहा : पाळ जाळीच्या कापडाने स्वच्छ पुसा, पाण्यावर नुसता तळहात आडवा फिरवा, काठाशी शाई जरा जास्त ठेवा. प्रत्येक ठसा वेगळा येईल. सावली तुम्हाला पाळीच्या दगडाइतकीच ठसठशीत काढायची सवय दिसते, ती आधी सोडा.

उलटं छापणं हा दोष नाही, प्लेटचा स्वभाव आहे. व्हिसलर समोर बसून थेट तांब्यावर काढायचा, त्यामुळे त्याचं व्हेनिस ठशात उलटंच आहे. पण गांधीसागर रोज पाहणारा शुक्रवारीतला माणूस तुम्हाला सोडणार नाही. रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि पालथं घालून प्लेटवर उतरवा. सही मात्र ठसा वाळल्यावर खाली पेन्सिलने करा. फोटोत तुमचं नाव वाचायला मला आरसा घ्यावा लागला.