विमान डोंगरापेक्षा उंच का उडत नव्हतं? मेचुका, 2019

तुमचा प्रश्न वायुदलाच्या एएन-32 या वाहतूक विमानाबद्दल आहे: हवा खराब होती तर वैमानिकांनी उंची का वाढवली नाही, आणि अवशेष सापडायला आठ दिवस का लागले?

विमान तसं उंचावरच होतं. 3 जूनला दुपारी 12.27 ला ते आसाममधल्या जोरहाटहून अरुणाचलमधल्या मेचुकाकडे निघालं, 1 वाजता शेवटचा संपर्क झाला. आत 13 जण होते, कोणीच वाचलं नाही. मेचुकाची धावपट्टी सुमारे 6,200 फुटांवर आहे, अवशेष मिळाले ते अरुणाचलमधल्याच लिपो या ठिकाणाच्या उत्तरेला 16 किलोमीटरवर, जवळपास 12,000 फुटांवर. म्हणजे जिथे उतरायचं होतं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर विमान आदळलं.

पुढचं या एका अपघाताचं निदान म्हणून वाचू नका, अशा जातीच्या अपघातांचं ते गणित आहे. इंजिनं चालू, विमान ताब्यात, आणि समोरच्या ढगात कडा. वैमानिक त्याला सीएफआयटी म्हणतात (कंट्रोल्ड फ्लाइट इंटू टेरेन, म्हणजे ताब्यातलं विमान जमिनीवर आदळणं).

अशा धावपट्टीवर उतरताना दरी डोळ्यांना दिसावी लागते. ढगांच्या वरून आलात तरी कुठेतरी खाली यावंच लागतं. पुढे दरी बंद झालेली दिसली की मागे वळायचं, पण वळायला जागा लागते. ताशी 360 किलोमीटर वेग आणि 30 अंशांचा कल धरला तर वळणाची त्रिज्या सुमारे 1.75 किलोमीटर येते. उलटं फिरायला साडेतीन किलोमीटर रुंदी हवी, तीही वारा नसताना. कल 45 अंश केला तर दोन किलोमीटरमध्ये भागतं, पण विमान स्टॉल होण्याचा (ज्याच्या खाली पंखांची उचल संपते तो) वेग जवळपास 19 टक्क्यांनी वाढतो. शिवाय 10,000 फुटांवर हवा विरळ असल्यामुळे काट्यावर दिसतो त्यापेक्षा खरा वेग सुमारे 16 टक्के जास्त असतो. त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वळण सुमारे 35 टक्क्यांनी फुगतं.

मग सरळ वर का जात नाहीत? त्याच वेगाने मिनिटाला 2,000 फूट चढलात तरी चढण जेमतेम सहा अंशांची होते. हिमालयातले उतार सहज 25-30 अंशांचे असतात. त्यातून कड्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा खाली ढकलत असेल तर तेवढंही हाती लागत नाही. रेडिओ अल्टिमीटर फक्त पोटाखालची जमीन मोजतो, नाकासमोरची भिंत त्याला दिसत नाही. भूभागाचा नकाशा पोटात असलेली टॉस (टीएडब्ल्यूएस, डोंगराचा इशारा देणारी) प्रणालीच पुढचं सांगते. म्हणून माझ्या मते खरा निर्णय दरीच्या तोंडाशीच व्हायला हवा. आत शिरल्यावर उशीर झालेला असतो.

जूनमध्ये आसामच्या मैदानातली दमट हवा या डोंगरांवर चढते, थंड होते आणि ढग दऱ्यांतच अडकून बसतात. त्याच ढगांनी शोधही रखडवला. सुखोई, सी-130, नौदलाचं पी-8आय, इस्रोचे उपग्रह असं सगळं कामाला लावलं होतं. आपत्कालीन बीकनचा (अपघातानंतर रेडिओ संकेत पाठवणाऱ्या यंत्राचा) मात्र आधार मिळाला नाही. बीकन धडकेत फुटतो, नाहीतर त्याची अँटेना तुटते. जुना 121.5 मेगाहर्ट्झवालाच असेल तर उपग्रह तो 1 फेब्रुवारी 2009 पासून ऐकतच नाहीत, 406 वालाच लागतो. शेवटी 11 जूनला एमआय-17 हेलिकॉप्टरमधून अवशेष दिसले.