अमेरिकेच्या सिव्हिल वॉरमध्ये केंटकी राज्य नक्की कोणाच्या बाजूने होतं?

शेवटी लिंकनच्या बाजूने, पण गुलामगिरी काही सोडली नाही. मे 1861 ला आधी न्यूट्रल राहतो म्हणाले, मग सप्टेंबरमध्ये दक्षिणेच्या बंडखोर सैन्याने केंटकीतलं कोलंबस गाव घेतलं तेव्हा युनियनकडे, म्हणजे लिंकनच्या उत्तरेकडे गेले. 1863 ची लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा फक्त बंडखोर भागांसाठी होती त्यामुळे इथले गुलाम गुलामच राहिले, सुटायचं तर सैन्यात जायचं, एकट्या कॅम्प नेल्सन या युनियनच्या इथल्या लष्करी तळावर जवळपास 10 हजार काळे सैनिक भरती झाले आणि नोव्हेंबर 1864 मध्ये त्यांच्याच बायकापोरांना युनियनच्या सैन्याने कडाक्याच्या थंडीत तळाबाहेर हाकललं, झोपड्या पाडल्या, कितीतरी जण त्यात गेले. संताप येतो वाचून. बोंबाबोंब झाल्यावर मार्च 1865 ला सैनिकांच्या कुटुंबांना मुक्त करायचा कायदा आला. बाकीचे सुटले डिसेंबरात, गुलामगिरी बंद करणाऱ्या 13 व्या घटनादुरुस्तीने, जी केंटकीने मंजूर केली थेट 1976 ला!