गाडी गेटवर येण्याआधी

अगं,

काँक्रीटची गाडी गेटवर उभी असताना, सळया नीट नाहीत म्हणून तू स्लॅब थांबवलास, साहेब सगळ्यांसमोर ओरडले, आणि आता मला विचारतेस, चुकलं का? थांबवलंस ते बरोबरच, तो विषय संपला. पण तू वर गेलीस कधी? गाडी आल्यावर! प्लांटवर गाडी भरल्यापासून दोन तासांत माल ओतून व्हावा लागतो, मग माणूस ओरडणारच. सळया काँक्रीटनं झाकण्याआधी बघायचं म्हणजे आदल्या दिवशी बघायचं.

गॅलरीचंच घे. तिची मुख्य सळई वरच्या बाजूला, कारण ताण वर येतो. आणि ओतकाम करणारी माणसं व्हायब्रेटर घेऊन नेमकी त्याच सळयांवरून चालतात. खाली खुर्च्या, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे आधार, कमी पडले की जाळी दबते. १२५ मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये ती ५० मिलिमीटर खाली गेली तर ताकद जवळजवळ निम्मी, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद तपासणारी २८ दिवसांची क्यूब टेस्टसुद्धा उत्तम येते! क्यूबला तुझी सळई कुठे आहे हे काय माहीत? म्हणून म्हणतो, झाकण्याआधी बघ.

'ही जुनी पद्धत आता परवडत नाही' असं साहेब म्हणतात म्हणे. टिकलेल्या कंपन्यांकडे बघा म्हणावं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या कारकुनाशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. कोयनेचं १०३ मीटर उंचीचं धरण तिनंच बांधलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, धरणाला तडे गेले, पुढे मजबुतीकरणही करावं लागलं. पण त्या पहाटे धरण फुटलं नाही. झाकलेलं काम कसं होतं ते असं कळतं.

आपली कंपनी तालुक्याएवढी. थोरले मालक स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी धोतर खोचून शिडी चढायचे. ज्यांची घरं बांधली ती माणसं एसटी स्टँडवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत रोज भेटणार. तोंड लपवायला जागा कुठे होती त्यांना? कंपनीची मूल्यं वगैरे हल्ली भिंतीवर फ्रेम करून लावतात. तेव्हा ती शिडी चढायची.

मला कोकण रेल्वेच्या बोगद्यांवर बोलावणं होतं. गेलो नाही. बरोबरचे गेले, मोठे झाले. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी जाते तेव्हा अजून पोटात कालवतं. लोक म्हणाले, हा शाळा आणि सोसायट्या बांधत बसला. बसलो! हट्टी म्हणाले, बढती अडवली. अडवू दे. माझ्या गॅलऱ्यांवर आज लोक खुर्च्या टाकून चहा पितात, ते कुणाच्या हट्टामुळे?

जाऊ दे, माझं पुराण नको. शनिवारी तुझा पुढचा स्लॅब आहे ना? मग शुक्रवारी दुपारी सळया बांधणारे फिटर घरी जायच्या आत वर जा. खुर्च्या मोज, सळईखालचे कव्हर ब्लॉक हलवून बघ, गॅलरीच्या जाळीवर स्वतः उभी राहा. कमी असेल ते तिथल्या तिथे बांधून घे. मग साहेबांना वर बोलाव आणि पोअर कार्डावर, म्हणजे ओतकामाच्या परवानगीच्या कागदावर, त्यांची सही घे. फोनवरचं 'ठीक आहे' चालणार नाही.