संध्याकाळी पाचनंतर

«आम्ही तिघं भावंडं. थोरला दादा, मधला बापू, धाकटी मी. बापू जन्मापासून मतिमंद आहे, आता 46 वर्षांचा. आई-वडील गेल्यापासून दादा-वहिनीच त्याचं सगळं बघतात. शुक्रवार पेठेतलं घर अजून वडिलांच्याच नावावर आहे आणि दादा मला हक्कसोडपत्रावर सही कर म्हणतोय. नाही म्हटलं तर वहिनी बोलणार, 'करायला आम्ही आणि वाटणीला ही.' त्यात चूक तरी काय? तिनं बापूचं खूप केलंय. (अलीकडं तो रात्री अंथरूण ओलं करतो म्हणून संध्याकाळी पाचनंतर त्याला पाणी देत नाहीत. भाचा नववीत आहे, परवा मला म्हणाला, आत्ती, बापूकाका रात्री न्हाणीतल्या बादलीतलं पाणी पितोय.) मी सणावाराला जाते आणि दुपारचं जेवण करून ऊन उतरायच्या आत राजारामपुरीत परत येते. सही केली तर हक्क जातो, नाही केली तर माहेर तुटतं. काय करू?»
– एक बहीण, कोल्हापूर

ताई,

तुम्ही सहीबद्दल विचारलंत. मी मात्र कंसातल्या त्या दोन ओळींच्या पुढं जाऊच शकले नाही. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या बापाच्या घरात, अंधारात चाचपडत न्हाणीत जातो आणि बादलीला तोंड लावतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही ते कंसात लिहिलंत.

काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं यावं म्हणून या शहरानं किती वर्षं मोर्चे काढले, ते तुम्हीही बघितलंय. 2023 च्या दिवाळीत ते पाणी आलं, शहरानं जल्लोष केला. त्याच शहरातल्या एका पेठेत तुमचा भाऊ घोटभर पाण्यासाठी सगळे झोपायची वाट बघतो.

याला घरातली शिस्त म्हणू नका. हा छळ आहे. अंगावर वळ नाहीत, कोणी ओरडत नाही, म्हणून तो दिसत नाही एवढंच. बापूला तक्रार करता येत नाही. येत असती तर पहिल्याच रात्री गल्ली जागी झाली असती. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे. त्याच्या 92 व्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की दिव्यांग माणूस ज्याच्या ताब्यात आहे त्यानं जाणूनबुजून त्याला अन्न किंवा पाणी नाकारलं, तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, वर दंड. दादाला आत टाका असं मी सांगत नाही. तुम्ही जे कंसात बसवलंत ते केवढं मोठं आहे, ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

आणि पाणी तोडून अंथरूण कोरडं राहतही नाही. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, जळजळते, वरचेवर लागते. पोट साफ होत नाही, आणि तुंबलेल्या पोटाचा दाब मूत्राशयावर येतो. जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे 'अलीकडं' सुरू झालंय. इतकी वर्षं नीट असलेला माणूस या वयात अचानक अंथरूण ओलं करायला लागतो त्याला काहीतरी कारण असतं. साखर वाढली असेल, लघवीत संसर्ग असेल, प्रोस्टेटचा त्रास असेल. साखर असेल तर तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, आणि अशा माणसाचं पाणी बंद करणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. एवढ्या दिवसांत एकाही मोठ्या माणसाला त्याला डॉक्टरकडं न्यावंसं वाटलं नाही. यात तुम्हीही आलात.

वहिनीनं खूप केलंय, म्हणता. केलं असेल. रोज सकाळी मुताची वाकळ धुणारे हात तिचेच आहेत आणि त्यातली एकही तुम्ही धुतलेली नाही. पण तिच्या कष्टांचं तुम्ही काय केलंत? स्वतःच्या गप्प बसण्याला ते निमित्त करून घेतलंत. तिला बोलायला मला तोंड नाही, म्हणून बापूनं तहानलेलं राहायचं, हा कुठला हिशेब? तिचं ऋण तुमच्यावर आहे, तर ते तुम्ही फेडा. बापूच्या घशातून कशाला?

तुमच्याच पत्रात आहे की तुम्ही ऊन उतरायच्या आत परत येता. म्हणजे बापूचं पाणी बंद होतं त्या वेळी तुम्ही त्या घरात कधीच नसता. तुम्ही बघता तो बापू भाऊबीजेचा, नवा शर्ट घालून पाटावर बसलेला. रात्रीचा बापू त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला आलाय.

म्हणून एकच करा. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पिशवी घेऊन माहेरी जा आणि आठ दिवस राहा. माहेरपणाला आले म्हणा, कारण विचारायचा कुणाला हक्क नाही, घर तुमच्याही बापाचं आहे. अंथरूण बापूच्या खोलीत घाला. तांब्या-भांडं त्याच्या हाताशी ठेवा, तो मागेल तेव्हा पाणी द्या. कुणी 'रात्री करील तो' म्हणालं, तर 'मी बघते' म्हणा आणि खरोखर बघा. संध्याकाळचा चहा कमी करायला हरकत नाही, पाणी मात्र कमी करायचं नाही. झोपण्याआधी त्याला लघवीला न्या, मध्यरात्री गजर लावून पुन्हा उठवा. वाकळेखाली मेणकापड घाला. मेडिकलमध्ये मोठ्या माणसांचे डायपर मिळतात, तेही आणा. तरी ओलं झालं तर सकाळी वहिनी उठायच्या आत तुम्ही धुऊन टाका.

भाच्याचं नाव मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. त्या घरात बापूसाठी बोललेलं एवढं एकच माणूस आहे. त्याला उद्या मार बसला किंवा तो गप्प झाला, तर बापूचं कुणीच उरणार नाही. तुम्ही रात्री तिथं राहिलात की जे आहे ते तुमच्याच डोळ्यांना दिसेल आणि पोराचा संबंध येणार नाही. एकटा सापडला की त्याच्या पाठीवरून हात फिरवा आणि सांगा, तू सांगितलंस ते बरं केलंस.

सोमवारी सकाळी बापूला सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, घेऊन जा. रक्तातली साखर आणि लघवी तपासून घ्या, पोट साफ होतं का ते डॉक्टरांना सांगा, फिट्सची गोळी चालू असेल तर तीही दाखवा. पहिल्याच रात्री जीभ कोरडी, ओठ फुटलेले, सुस्त पडलेला असा दिसला, तर सोमवारची वाट बघू नका.

त्या कागदाचं थोडक्यात. आत्ता सही करू नका. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्या घरात तुम्हा तिघांचा हिस्सा आहे, बापूचासुद्धा. तुम्ही सही करून बाजूला झालात की त्या घरात बापूच्या बाजूनं बोलायला हक्काचं कुणी राहत नाही. आणि त्याचा अंगठा घेऊन काम भागेल अशा भ्रमात दादानं राहू नये. बापूसारख्या माणसाला राष्ट्रीय न्यासाच्या 1999 च्या कायद्याखाली रीतसर पालक नेमावा लागतो. ते काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती करते. पालक झालेल्याला सहा महिन्यांत बापूच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढं दरवर्षी हिशेब. पालकानं आबाळ केली तर त्याला काढताही येतं. तो अर्ज तुम्ही करा.

दादानं राहू दिलं नाही, किंवा तुमची पाठ वळल्यावर पुन्हा पाणी बंद झालं, तर करवीरच्या तहसीलदारांकडं किंवा प्रांतांकडं लेखी माहिती द्या. 2016 च्या कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणं असा छळ होतोय असं वाटणारा कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तहसीलदार-प्रांतांना, कळवू शकतो. रात्री-अपरात्री जिवाशी आलं तर 112 हा आणीबाणीचा नंबर लावा.

माहेर तुटेल, ही भीती मला कळते. पण बापूही तुमचं माहेरच आहे, ताई. शनिवारी जा. रोज रात्री काय दिसलं ते वेळ घालून वहीत लिहून ठेवा, अर्ज करायची पाळी आली तर लागेल. मग मला पत्र पाठवा, अर्ज कसा लिहायचा ते मी सांगते.