खलनायकाच्या मिशा काढून टाक

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची संहिता पोचली. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवरच्या मुलांना घेऊन नाटक बसवायचे आणि मुलांना कामाला लावून देण्याचा व्यवहार त्यातून उघड्यावर आणायचा, हा तुझा बेत मला पटला. संहिता दोनदा वाचली. त्यावर माझी पहिली सूचना अशी, की दुसऱ्या प्रवेशात येणारा तो मिशा पिळणारा, काळ्या चष्म्याचा दलाल काढून टाक.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका वाडीवर मीही असाच दलाल रंगवला होता. तो रंगमंचावर आला की पोरे किंचाळत आणि त्याला शेवटी पोलीस पकडून नेत तेव्हा टाळ्या पडत. प्रयोग संपल्यावर मी एका मुलाला सहज विचारले, "असा माणूस तुमच्या वाडीत येतो का रे?" तो म्हणाला, "नाही. आमच्याकडे मामाच येतो." मामा म्हणजे आईचा लांबचा भाऊ. तो पावसाळ्याच्या अखेरीस यायचा, मुलांना खाऊ आणायचा, बापाच्या हातावर बयाणा ठेवायचा आणि जाताना एखादे पोर बरोबर घेऊन जायचा. माझ्या नाटकाने त्या मुलाला एवढेच शिकवले होते, की ज्याला मिशा नाहीत आणि जो खाऊ आणतो, त्याच्याबरोबर निर्धास्त जावे.

2022 साली याच तालुक्यातली कातकरी मुले अहमदनगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचे उघडकीस आले, ते तुला ठाऊकच आहे. काही हजार रुपये, एखादी मेंढी, अशा बोलीवर ती गेली होती, आणि त्यांतल्या एका मुलीचा जीव गेल्यावरच बाहेरच्या जगाला ती दिसली. त्या व्यवहारात तुझ्या संहितेतल्यासारखा दलाल शोधायला गेलीस तर हाती फार काही लागणार नाही. ओळख होती, उसनवारी होती, आणि पोर दोन वेळा जेवेल तरी, हा आईबापांचा हिशेब होता. तुझे नाटक या हिशेबाबद्दल असायला हवे.

"ही तर मजुरी आहे, याला मानवी तस्करी कशाला म्हणायचे?" असे तुला तिथले शहाणे लोक विचारतील, म्हणून कायद्याची बाजू पक्की करून जा. पूर्वीच्या दंड विधानातले कलम 370 आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतले कलम 143, दोन्हींत शोषणासाठी माणसाला नेणे, ठेवणे किंवा स्वीकारणे हा गुन्हा आहे. ज्याचा त्या व्यक्तीवर ताबा आहे त्याला पैसे देऊन त्याची संमती मिळवणे हा त्या गुन्ह्याचा एक प्रकार म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे, आणि पीडिताची स्वतःची संमती गैरलागू ठरवली आहे. "पोर आपल्या पायांनी गेले, बापाने हो म्हटले" हा बचाव तिथेच संपतो. उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या, बदल्यात राबवून घेणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेही बंद आहे. हे नाटकात भाषण म्हणून घालू नकोस. कातकरी माणूस भाषण सुरू झाले की उठून जातो, आणि बरोबरच करतो.

आता नाटकाच्या बांधणीकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांची चर्चानाट्याची पद्धत तू शिबिरात शिकली आहेस. अन्याय घडेपर्यंत प्रसंग दाखवायचा, मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा, आणि प्रेक्षकांतल्या कोणीही "थांबा" म्हणून वर यावे, पात्राची जागा घ्यावी आणि वेगळे वागून पाहावे. बंगालमध्ये सुंदरबनच्या खेड्यांत 1985 साली सुरू झालेल्या 'जन संस्कृती' या नाट्यसंस्थेने पुढे हे काम चालवले आहे. आपल्याकडची माणसे प्रेक्षकाला नाटकात ओढायला काही नवखी नाहीत. तमाशातला सोंगाड्या समोरच्या पाटलाची फिरकी घेतोच, आणि भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी तर वस्तीच्या रोजच्या दुःखांचाच वग केला. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी झोपडवस्त्यांतल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, तेव्हा विषय मुलांचे आणि मांडणीही मुलांची, हे सूत्र त्यांनी सोडले नाही. ही परंपरा तुझ्या पाठीशी आहे, हे तालमीत दमशील तेव्हा आठव.

पण चर्चानाट्यात एक सापळा आहे. तुझ्या संहितेत नाटक थांबते तेव्हा बदलायचे पात्र एकच आहे, ती दहा वर्षांची मुलगी. प्रेक्षकांतली मुले वर येणार, तिची जागा घेणार आणि ठासून सांगणार, "मी नाही जाणार!" टाळ्या पडतील, तुझ्या अहवालात "मुलांचे सक्षमीकरण झाले" असे लिहिले जाईल (या शब्दाची मला आताशा धास्ती वाटते), आणि त्याच रात्री खऱ्या झोपडीत खरी मुलगी तेच बोलली तर तिच्या थोबाडीत बसेल. जे ओझे पंचायतीला, शाळेला आणि तहसील कचेरीला पेलले नाही, ते आपण दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर देतो आणि त्याला तिची ताकद म्हणतो. म्हणून मुलीचे पात्र बदलायला ठेवूच नकोस. बाप बदलता येऊ दे, आजी, शेजारीण, गुरुजी, किराणावाला, पोलीस पाटील, मेंढ्यांच्या टेम्पोचा चालक, सगळे बदलता येऊ देत. मुले हे नाटक करतील, पण ते पाहायला मोठी माणसे बसलेली हवीत, आणि उठून वर यायचे ते त्यांनी.

असे केले की काय होते, त्याचा एक प्रसंग सांगतो. एका वाडीवर नाटक थांबवल्यावर बराच वेळ कोणी उठेना. शेवटी एक म्हातारी पदर खोचून वर आली आणि तिने आजीचे पात्र घेतले. मला वाटले, ती आता मामाला शिव्या घालील. तिने मामाकडे पाहिलेसुद्धा नाही. बापाचे काम करणाऱ्या बारा वर्षांच्या पोरासमोर ती उकिडवी बसली आणि विचारले, "पैसं कशाला पायजेत, ते सांग." ते पोर गांगरले, कारण संहितेत याचे उत्तर नव्हते. प्रेक्षकांतला एक खरा बाप खालूनच म्हणाला, "लावणी झाली की काम नसतं. रेशनचं कार्ड नाही. दुकानदाराची उधारी आहे." पुढचा तासभर नाटक झालेच नाही. कोणाच्या नावावर कार्ड नाही, जातीचा दाखला का अडला, रोजगार हमीचे काम मागायला कोणी गेले का, आदिवासींसाठीची सरकारी खावटी कोणाला मिळाली, हेच चालले. मला तेव्हा प्रयोग फसला असे वाटले होते. पुढे त्या वाडीतले अकरा जण एकत्र तहसील कचेरीत गेले, तेव्हा कुठे तो प्रयोग कसा झाला ते मला कळले.

यातून वेळेचेही गणित निघते. दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली असते, तेव्हा प्रयोग लावलास तर म्हातारी माणसे आणि कुत्री पाहायला येतील. श्रावण-भाद्रपदात, घरातले तांदूळ संपत आलेले असताना आणि बयाणा घेऊन कोणी येण्याआधी, तालमी उभ्या राहायला हव्यात. पावसाने जागेची पंचाईत होईल. समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते, ते आताच विचारून ठेव.

मुलांसाठी वेगळे काय करायचे, असे तू विचारशील. त्यांना शौर्य शिकवू नकोस, उपयोगाच्या गोष्टींची तालीम दे. आम्ही एकदा 1098 या बालसहाय्य क्रमांकावर फोन करण्याचा खेळ घेतला. एक पोर पाठ करून बसलेले, दुसरे फोनवरची ताई झालेले. नंबर सगळ्यांना येत होता. पण ताईने "तू आत्ता कुठे आहेस?" असे विचारले, की सगळी मुले गप्प. परक्या मुलखात, मेंढ्यांच्या कळपामागे चालणाऱ्या पोराने काय सांगायचे? मग आठवडाभर आम्ही एवढेच खेळलो. डोळे बांधून कुठेतरी न्यायचे, पट्टी काढायची आणि जागा शब्दांत सांगायची: एसटीच्या पाटीवर काय लिहिले आहे, कारखान्याची चिमणी दिसते का, देऊळ कोणाचे, रस्ता डांबरी की मातीचा, जवळ कोणाचे नाव ऐकू आले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी पाटीवरची अक्षरे बोटाने हवेत काढून दाखवली. इतकी रंगलेली तालीम मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. स्वतःचे गाव, तालुका, जिल्हा आणि आईचे पूर्ण नाव हेही याच खेळात येऊ दे, कारण लहान मुलांना आई फक्त "आई" म्हणूनच माहीत असते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नकोस. जे मूल अशा ठिकाणाहून परत आले आहे, त्याला त्याचीच गोष्ट रंगमंचावर करायला लावू नकोस. "खरी मुलगी, खरी कहाणी" याला देणगीदार आणि पत्रकार भुलतात, आणि ती मुलगी जन्मभर त्या वाडीत "ती विकलेली" म्हणून राहते. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नेही अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई केली आहे, आणि तुझ्या फोनमधला तालमीचा फोटो त्यातून सुटत नाही. त्या मुलीला नाटकात घ्यायचेच असेल तर तिला तहसीलदार कर, नाही तर मेंढी कर. त्या भागातल्या बोहाड्याच्या उत्सवात माणसे मुखवटा चढवून देव आणि राक्षस होतात. सोंगाआड तिला मोकळे वाटले आणि ती आपणहून काही बोलली, तर ऐक.

आणि ती बोलेल, याची तयारी आधी ठेव. पहिल्या तालमीच्या आधी बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या माणसांना भेटून ये, त्यांचे क्रमांक कागदावर लिहून ठेव, आणि सुटका झालेल्या मुलाला चोवीस तासांत समितीपुढे न्यावे लागते हे ध्यानात असू दे. माझ्या एका तालमीनंतर एका मुलीने मला हळूच सांगितले होते, की परवा तिला घेऊन जाणार आहेत. कोणाला सांगावे, बाप चिडेल का, वाडीचा आपल्यावरचा विश्वास उडेल का, असा विचार करत मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ती तालमीला आली नाही. त्या नाटकाचा प्रयोग आम्ही केला नाही.

नवी संहिता पूर्ण लिहून आणू नकोस. प्रसंगांची नुसती यादी कर आणि संवाद मुलांकडून येऊ देत, कातकरी बोलीत, तुझ्या शहरी कानाला निम्मे कळले नाहीत तरी चालेल. मामाचे काम कोणी करायचे, तेही त्यांनाच ठरवू दे. तो कसा बसतो, चहा कसा पितो, खाऊ आधी कोणाला देतो, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. भाताच्या लावण्या उरकल्या की मी दोन दिवसांसाठी येतो. संध्याकाळी चुली पेटून जेवणे झाल्यावर तालीम ठेव, म्हणजे बायकाही दारात येऊन बसतील.

तुझा,
एक जुना नाटकवाला