व्हीएफडी ट्रिप झाला की किती वेळा रीसेट करावा?

तुम्ही विचारलंय की ३७ किलोवॅटचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) दिवसातून चार-पाचदा ट्रिप होतो, म्हणजे फॉल्ट दाखवून आपोआप बंद पडतो, रीसेट केला की चालतो, तर ऑटो रीसेट लावून टाकू का? लावू नका. फॉल्ट कोड, त्या क्षणाचा करंट, डीसी बसचं (ड्राइव्हच्या आतल्या डीसी टप्प्याचं) व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी वहीत उतरवल्याशिवाय एकदाही रीसेट दाबू नका.

मी साखर कारखान्यात शिफ्ट इलेक्ट्रिशियन होतो. जानेवारी महिना, गाळप जोरात, रात्रपाळी. केन कॅरियरचा, म्हणजे ऊस पुढे नेणाऱ्या गव्हाणीचा, ५५ किलोवॅटचा ड्राइव्ह ट्रिप झाला. मी पॅनेल रूममध्ये पोचेपर्यंत ऑपरेटरनं तीनदा रीसेट मारला होता. फॉल्ट हिस्टरी उघडली तर पहिले दोन ओव्हरकरंट, तिसरा अर्थ फॉल्ट (वीज बॉडीत उतरतेय), आणि तिन्ही ३ हर्ट्झच्या आत. गव्हाण उसानं दाबली गेली तर ओव्हरकरंट येतो, पण अर्थ फॉल्ट कशाला येईल?

मी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणायला निघालो. मेन बंद करायचा, कॅपॅसिटर उतरू द्यायचे, मोटारीची केबल ड्राइव्हवरून सोडवायची आणि मेगर मारायचा. पंधरा-वीस मिनिटांचं काम. तेवढ्यात चीफ साहेब आले. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली. म्हणाले, "गाळप बंद पडलंय आणि तू मेगर काढतोयस? रीसेटचं बटण कशाला दिलंय मग?" मी म्हटलं, "साहेब, बॉडीला लागलंय." त्यांनी स्वतः बटण दाबलं, स्टार्ट दिला. बार उडावा तसा आवाज झाला आणि पॅनेलमधून जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. आयजीबीटी मोड्यूल (मोटरला वीज सोडणारा ड्राइव्हमधला स्विच) फुटलं होतं, इनपुटचे दोन फ्यूज गेले होते.

मग मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडला. संध्याकाळी कुणीतरी पाइप मारून खालची जागा धुतली होती. केबल आत शिरते तिथला ग्लँड ढिला, आत पाणी. एका लगवरची (केबलच्या टोकाच्या जोडावरची) टेप सुटलेली आणि झाकणाला आतून वाटाण्याएवढा काळा डाग. पुसून, हॅलोजन लावून वाळवलं, नवी टेप मारली. पाऊण तासात मोटारीचा मेगर चांगला आला. पण दुसरीकडचा ड्राइव्ह काढून आणून बसवून, पॅरामीटर भरून कॅरियर फिरेपर्यंत सकाळचे अकरा वाजले. रिपोर्टात लिहिलं गेलं, "ड्राइव्ह निकृष्ट दर्जाचा." माझी वही कुणी मागितली नाही. ती अजून माझ्याकडे आहे, वेळ आणि कोडसकट. वीस मिनिटं वाया गेली असती असं ज्यांना आजही वाटतं, त्यांनी ती येऊन बघावी.

आता तुमचं. ट्रिप मोटर थांबवताना येत असेल आणि कोड ओव्हरव्होल्टेजचा असेल, तर ड्राइव्ह बिघडलेला नाही. ४१५ व्होल्टवर डीसी बस साधारण ५६० ते ५९० असते. जड पंखा झटक्यात थांबवला की मोटर उलटी वीज ढकलते, बस ८०० च्या आसपास जाते आणि ट्रिप होतो. डिसेल टाइम (थांबायला दिलेला वेळ) वाढवा, नाहीतर ती जादा वीज जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर बसवा. ओव्हरलोड असेल तर रीसेटनं वाइंडिंग गार होत नाही. मेन पाडून परत चालू करायची सवय तर त्याहून वाईट, कारण काही ड्राइव्ह मोटर किती तापलीय हेच विसरतात. अर्थ फॉल्ट किंवा शॉर्ट सर्किट असेल तर मेगर झाल्याशिवाय रीसेट नाही. आणि केबल ड्राइव्हला जोडलेली ठेवून मेगर मारू नका, ड्राइव्हच जाईल.

लाइट डिप होऊन अंडरव्होल्टेज आला असेल तर मात्र खुशाल रीसेट करा. लांबच्या पंपाला, जिथं माणूस जात नाही तिथं, फक्त त्याच फॉल्टसाठी दोन-तीनदाचा ऑटो रीसेट मीही लावलाय. पण कन्व्हेयरला नाही. रन कमांड चालू राहिलेली असेल तर बरेच ड्राइव्ह रीसेट होताच मोटर फिरवतात, आणि तेव्हा साखळीत अडकलेलं काढायला कुणाचा तरी हात आत असतो.

तुमच्या प्रश्नात कोडच दिलेला नाही. शेवटच्या तीन ट्रिपचे आकडे लिहा, मग नेमकं सांगता येईल.