"सिद्धान्त कळत नाही, म्हणजे मी चुकीचा विषय निवडला का?"

संख्याशास्त्रात पदवी घेऊन समाजशास्त्राच्या एम. ए.ला प्रवेश घेतलेली एक विद्यार्थिनी पहिल्या सत्राच्या मध्यावर माझ्याकडे आली. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील मी येथे बदलले आहेत. खुर्चीत बसताच ती म्हणाली, "मॅडम, आत्महत्येमुळे मला तीन आठवडे झोप नाही." असे वाक्य ऐकल्यावर समुपदेशकाने जे करायचे असते तेच मी केले, जीव संपवण्याचे विचार मनात येतात का, असे आडवळण न घेता विचारले. ती क्षणभर गोंधळली, मग हसली आणि तिने पिशवीतून फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांचा 'आत्महत्या' हा १८९७ सालचा ग्रंथ काढून टेबलावर ठेवला. तरीही मी माझे उरलेले प्रश्न पूर्ण विचारून घेतले, कारण हसणे हे काही उत्तर नव्हे.

तिची तक्रार अशी की, एकेक प्रकरण तीनतीनदा वाचून, ओळी रंगवून पान पिवळे झाले तरी काही कळत नाही, आणि वर्गातले बाकीचे मात्र सहज चर्चा करतात. पहिल्या भेटीत माझी चूक झाली. ही अडचण नियोजनाची आहे असे समजून मी तिला वेळापत्रक आखून दिले. तिने ते तंतोतंत पाळले आणि दुसऱ्या भेटीला ती अधिकच खचून आली. आता वेळेची सबब उरली नसल्यामुळे दोष आपल्या बुद्धीचाच, असा निष्कर्ष तिने काढला होता.

तेव्हा मी पुस्तक मिटायला सांगितले आणि म्हणाले, "मी समाजशास्त्र शिकलेले नाही. मला समजेल असे सांग." ती अडखळत सुरू झाली. प्रत्येक आत्महत्येमागचे कारण वेगळे असते, तरीही एखाद्या समाजातील आत्महत्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही, आणि निरनिराळ्या समाजांत मात्र ते वेगवेगळे दिसते. म्हणून या फरकाचे कारण व्यक्तीच्या मनापेक्षा समाजाच्या घडणीत शोधले पाहिजे, असे दुर्खाइम यांचे म्हणणे असल्याचे तिने सांगितले. प्रॉटेस्टंट समाजांत कॅथलिकांपेक्षा हे प्रमाण जास्त का, याचे उत्तर ते माणसांना एकमेकांशी बांधणाऱ्या गटजीवनाच्या घट्टपणात शोधतात, हेही तिने नीट समजावले. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "पण मृत्यूची नोंद कोण करतो? जिथे आत्महत्या हे मोठे पाप मानतात, तिथे घरचे लोक आणि अधिकारी तिला अपघात म्हणत असतील, तर हा फरक निदान काही अंशी नोंदीतलाच नसेल का? हे मी वर्गात बोलले नाही. सगळ्यांना पटलेले दिसते, म्हणजे मलाच कळले नसणार."

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि तसे मी तिला सांगितले. "मला कळत नाही" एवढेच न म्हणता हाच प्रश्न या शब्दांत लिहून प्राध्यापकांकडे ने, एवढे मी सुचवले. तिच्या शंकेला मोठी परंपरा असल्याचे तिला तिथे समजले. अधिकृत आकडे कसे तयार होतात हा आक्षेप अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी १९६७ साली सविस्तर मांडला होता.

विज्ञान किंवा गणित सोडून या विषयाकडे आलेल्यांमध्ये हा गोंधळ मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. सिद्धता कळली की ती पटतेच, ही त्यांची सवय असते. त्यामुळे वाचून पटले नाही की कळलेच नाही, असे ते धरून चालतात. समाजशास्त्रात मार्क्स, वेबर आणि दुर्खाइम एकाच अभ्यासक्रमात शेजारी शेजारी बसतात, परस्परांशी न जुळणारी उत्तरे देतात आणि त्यांतले कोणी दुसऱ्याला रद्द करत नाही. अर्थात काही पाने खरोखरच अवघड असतात, विशेषतः वेबर यांची लांबलचक वाक्ये अनुवादातून वाचताना. तिथे आधी एखादी सोपी ओळख वाचून मग मूळ ग्रंथाकडे वळण्यात काहीच कमीपणा नाही. रंगवलेल्या ओळींपेक्षा, लेखक कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो आहे, पुरावा कोणता देतो आणि तो मला कुठे अपुरा वाटतो, हे स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहिणे जास्त उपयोगी पडते. ज्यांना भीती वाटत नाही, पण वाचताना कुतूहलही जागे होत नाही, त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याशी मी विषय बदलण्याबद्दल मोकळेपणाने बोलते.

या विद्यार्थिनीला कुतूहलाची वानवा नव्हती. चौथ्या भेटीला ती आली तेव्हा झोप बरीच सुधारली होती आणि लघुप्रबंधासाठी मृत्यूच्या नोंदी कशा होतात हाच विषय घ्यावा का, याचा ती विचार करत होती. वर्गात बोलताना छाती अजून धडधडते, असे तिने सांगितले, म्हणून पुढच्या दोन भेटी आम्ही त्यासाठी ठेवल्या.